इयत्तेचे माप

'इयत्ता' हा शब्द आपल्या घरांतून इतका रुळलेला आहे की त्याच्या मूळ अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'एवढे', आणि 'इयत्ता' म्हणजे 'एवढेपणा', अर्थात परिमाण, मर्यादा, माप. मूल पाचव्या इयत्तेत आहे असे आपण म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीप्रमाणे आपण त्याच्या विद्येचे परिमाण सांगत असतो; प्रत्यक्षात मात्र हजेरीपटाच्या कोणत्या वर्गाच्या पानावर त्याचे नाव चढले आहे, एवढेच सांगत असतो. दप्तरातील इयत्ता एक आणि वाचनातील इयत्ता दुसरी असे झाले, तर हे अंतर उघड करणे हे परीक्षेचे काम होय. परंतु हजारो शाळांतून एकाच प्रश्नपत्रिकेने घेतली जाणारी प्रमाणित परीक्षा ते काम करते काय? ज्या उताऱ्यावर ती मुलाची पारख करते, तो उतारा त्या इयत्तेचा आहे हे कोणी, कशावरून ठरवले? आणि मूल त्या उताऱ्याशी अडखळले, तर चुकले कोण, मूल की माप? या प्रश्नांचा विचार शिक्षणखात्यावर आणि तज्ज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसतो, वास्तविक तो प्रत्येक आईबापाच्या जिव्हाळ्याचा आहे.

वाचनाचे माप इयत्तेला बांधण्याची कल्पना आजची नव्हे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी एक सुधारित नियमावली अमलात आली. तीत मुलांच्या प्रगतीच्या सहा पायऱ्या मुक्रर केल्या होत्या आणि प्रत्येक पायरीला 'स्टँडर्ड' हे नाव होते. तोच शब्द आपल्याकडे इंग्रजी शाळांतून इयत्तेसाठी अद्याप चालतो. पहिल्या पायरीच्या मुलाने केवळ एकाक्षरी शब्दांत लिहिलेली गोष्ट वाचावी, तिसऱ्या पायरीच्या मुलाने शाळेत चालू असलेल्या वाचनपुस्तकातील लहानसा परिच्छेद वाचावा, पाचवीच्याने कवितेच्या काही ओळी, आणि सहावीच्याने वर्तमानपत्रातील एखादा साधा मजकूर, असा तो क्रम होता. सरकारी तपासनीस शाळेत येऊन मुलांची परीक्षा घेई, आणि वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्या प्रत्येक विषयामागे शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परिणाम व्हायचा तोच झाला. वाचनपुस्तक ठरलेले, परीक्षा त्याच पुस्तकातली आणि शिक्षकाची भाकरी त्या परीक्षेवर अवलंबून, तेव्हा मुलांकडून पुस्तक तोंडपाठ करून घेण्याचा प्रघात पडला. डोळे पानावर आणि वाणी स्मरणाच्या आधारावर, असे 'वाचन' तपासनिसांना ऐकावे लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते, आणि या पद्धतीला त्यांनी पहिल्यापासून कडाडून विरोध केला.

निकालावर अनुदान देण्याची ही रीत आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी स्पष्ट बजावले, की गरीब आणि अशिक्षित लोकांत विद्येचा प्रसार करावयास ही पद्धत मुळीच उपयोगी नाही. ज्यांना अद्याप विद्येची गोडीच लागलेली नाही, त्यांच्यात कोणी शिक्षक केवळ निकालाच्या भरवशावर शाळा चालवू शकणार नाही, हा त्यांचा रोख होता. परीक्षा ही मोजण्याची वस्तू आहे, आणि मोजणीच्या आकड्यावर पैसा किंवा अब्रू टांगली की आकडा फुगतो व मोजणी नाहीशी होते, ही गोष्ट तेव्हापासूनच अनुभवाने सिद्ध झालेली आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेने या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. मूल किती वाचते हे मोजण्याआधी मजकूर किती कठीण आहे हे मोजावे, असा विचार तेथील मानसशास्त्रज्ञांत बळावला. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली इंग्रजीतील १०,००० शब्दांची वारंवारतेप्रमाणे यादी छापली. कोणता शब्द परिचयाचा आणि कोणता विरळा हे ठरवण्याचे साधन त्यामुळे हाती आले, आणि दोनच वर्षांनी त्या यादीच्या आधारे पाठ्यपुस्तकांतील शब्दांचे काठिण्य मोजण्याचा पहिला प्रयत्न झाला. पुढे रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली सुबोधतेचे आपले प्रसिद्ध सूत्र मांडले. त्याचेच एक रूप १९७५ साली किन्केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी, खलाशांच्या हाती पडणारी माहितीपुस्तके त्यांना झेपतील की नाही हे पाहण्याकरिता, तयार केले. या सूत्राचे तत्त्व साधे आहे: वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात सरासरी उच्चारावयव किती, हे मोजावे, त्या दोन आकड्यांना ठरावीक गुणकांनी गुणून बेरीज करावी, त्या बेरजेतून एक ठरावीक संख्या वजा करावी, की उत्तर थेट इयत्तेच्या रूपाने मिळते. लांब वाक्ये आणि लांब शब्द म्हणजे वरची इयत्ता, आखूड वाक्ये आणि आखूड शब्द म्हणजे खालची. खलाशांच्या पुस्तकांसाठी घडवलेले हे माप कालांतराने शाळकरी मुलांच्या परीक्षांनाही लावले जाऊ लागले.

या मापावरूनच टेक्सस राज्यात जो वाद उभा राहिला तो मोठा उद्बोधक आहे. तेथे २०१२ च्या वसंत ऋतूत 'स्टार' या नावाची नवी राज्यव्यापी परीक्षा सुरू झाली. त्याच वर्षी तेथील एका विद्यापीठातील संशोधकांनी परीक्षेच्या वाचन-उताऱ्यांना अशी निरनिराळी सूत्रे लावून पाहिली आणि अनेक उतारे ज्या इयत्तेसाठी नेमले त्या इयत्तेच्या वरचे आहेत, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाचव्या आणि आठव्या इयत्तेतील मुलांचे वर चढणे त्या काळी या परीक्षेवर अवलंबून असल्यामुळे पालकांत साहजिकच क्षोभ झाला. तक्रारी वर्षानुवर्षे चालत राहिल्या, आणि अखेर २०१९ साली राज्याच्या विधिमंडळाने कायद्यातच तरतूद करून या परीक्षेची स्वतंत्र तपासणी करण्याचा हुकूम दिला. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या मेडोज केंद्राने ती तपासणी केली. शब्द आणि वाक्ये यांच्याबरोबर मजकुराची घडण, त्यातील कथनाचे प्रमाण, वाक्यावाक्यांतील संगती यांचाही विचार करून त्या केंद्राने सांगितले, की बहुतेक उतारे इयत्तेच्या मर्यादेत किंवा तिच्या खालीच बसतात.

एकाच परीक्षेविषयी दोन प्रामाणिक अभ्यास असे परस्परविरुद्ध दिशांना कसे गेले? याचे कारण, ज्याला आपण एकच माप समजतो ती वस्तुतः अनेक मापे आहेत. एकाच परिच्छेदाला चार सूत्रे लावली तर चार वेगवेगळ्या इयत्ता निघू शकतात, कारण एक सूत्र शब्दांची लांबी पाहते, दुसरे त्यांची विरळता पाहते, तिसरे वाक्यांची लांबी अधिक तोलते. शिवाय ही सूत्रे सुमारे शंभर शब्दांच्या सलग गद्याच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. एका वाक्याच्या प्रश्नाला आणि त्याखालच्या चार तुटक पर्यायांना ती भरवशाने लावताच येत नाहीत. म्हणजे उताऱ्याचे माप कसेबसे घेता आले, तरी ज्या प्रश्नांवर मुलाचे गुण ठरतात त्या प्रश्नांचे माप सूत्राच्या कक्षेबाहेरच राहते.

याहून खोल अडचण अशी, की मजकुराचे काठिण्य केवळ मजकुरात नसते. ते वाचणाऱ्याच्या अनुभवात असते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन संशोधिकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात सदैव आठवावा असा आहे. सातवी-आठवीच्या मुलांना त्यांनी बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची समजली जाणारी, परंतु खेळाची उत्तम जाण असलेली मुले वाचनात पक्की पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा तो मजकूर कितीतरी चांगला समजली. आता हाच न्याय आपल्याकडे लावून पाहा. बंदरावरच्या लिलावाचे वर्णन रत्नागिरीच्या मुलाला जितके सोपे, तितकेच ते वाशीमच्या मुलाला दुर्बोध. आणि ऊसतोडीच्या टोळीचे वर्णन बीडच्या मुलाला घरचे, तर दादरच्या मुलाला परमुलखातले. शब्द तेच, वाक्ये तीच, पण इयत्ता मात्र दोन.

त्यातच 'इयत्तेप्रमाणे वाचन' या शब्दप्रयोगाचे तीन अर्थ आपण एकमेकांत मिसळून टाकतो. पहिला अर्थ सरासरीचा: पाचवीतील मधल्या मुलाला जेवढे येते ते पाचवीचे वाचन. हा अर्थ घेतला, तर निम्मी मुले व्याख्येनेच इयत्तेच्या खाली राहणार, आणि साऱ्या देशाने कितीही प्रगती केली तरी ती खालीच राहणार. दुसरा अर्थ अपेक्षेचा: पाचवीच्या मुलाला जे यावे असे अभ्यासक्रमाने ठरवले ते पाचवीचे वाचन. तिसरा अर्थ सूत्राचा, जो वर सांगितलाच. अमेरिकेत १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत 'प्रवीण' अशी एक श्रेणी आहे, आणि वाचनात चौथीतील एक-तृतीयांशाहून कमी मुले ती किंवा तिच्यावरची श्रेणी गाठतात. 'प्रवीण' म्हणजे 'इयत्तेप्रमाणे' नव्हे, ती श्रेणी त्याहून वरची आहे, असा खुलासा पाहणी करणाऱ्या संस्थेने वारंवार केला आहे. तरीदेखील 'दोन-तृतीयांश मुलांना इयत्तेप्रमाणे वाचता येत नाही' असे मथळे पुनःपुन्हा झळकतात. शब्द सैल वापरला की चिंता अस्थानी होते, आणि खऱ्या चिंतेची जागा रिकामी राहते.

आता आपल्या मराठीकडे वळू. इंग्रजीसाठी रचलेली सूत्रे मराठीला जशीच्या तशी लावली तर केवळ गोंधळ होईल, कारण आपल्या भाषेची जडणघडणच निराळी आहे. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात. 'अंगणातल्या', 'आजीसाठीसुद्धा' हे शब्द लांब आहेत, पण खेड्यातले पाच वर्षांचे पोरही ते सहज बोलते. 'आजीने माझ्यासाठी अंगणातल्या झोपाळ्यावर बसून गोधडी शिवली' आणि 'तो काळ सरला, पण ऋण उरले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. सूत्र दुसऱ्या वाक्याला सोपे म्हणेल, कारण त्यातले सारे शब्द चिमुकले आहेत; मूल मात्र पहिले वाक्य हसत वाचील आणि दुसऱ्यापाशी थांबेल. उलट जोडाक्षर, रफार, ऱ्हस्व-दीर्घाची वेलांटी ही जी वाचायला शिकणाऱ्या मुलाची खरी अडचण, तिची दखल त्या सूत्रांत कोठेच नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मूल मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचील असे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य स्तुत्य आहे. परंतु जेथे एकेक मराठी शब्द आपल्या पोटात दोन-तीन प्रत्यय घेऊन वावरतो, तेथे ६० शब्दांचा पल्ला दुसऱ्या भाषेतील ६० शब्दांइतकाच असेल असे गृहीत धरता येत नाही. आणि मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारात भिली, पालघरात वारली बोलत शाळेत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर प्रमाण मराठीतला उतारा हे केवळ वाचनाचे माप राहत नाही. ते एका नव्या भाषेच्या परिचयाचेही माप होते, आणि निकालपत्रावर ही दोन मापे वेगळी दिसत नाहीत.

आपल्या देशात वाचनाची मोजदाद करण्याचे दोन मार्ग आज शेजारीशेजारी चालू आहेत. पहिला मार्ग सरकारी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचे सुमारे ३४ लक्ष विद्यार्थी बसले होते. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख'च्या नावाने झालेल्या सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीचे वर्ग घेतले होते. येथे प्रश्नपत्रिका इयत्तेच्या अपेक्षेवर बेतलेली, छापील आणि पर्यायांची असते. दुसरा मार्ग 'प्रथम' या संस्थेने २००५ साली सुरू केलेल्या 'असर' पाहणीचा. तीत कार्यकर्ता खेड्यात घरोघरी जातो, मुलाला समोर बसवतो आणि एक साधा कागद त्याच्या हाती देतो. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची लहान गोष्ट असते. मूल तिसरीत असो वा आठवीत, कागद तोच. आधी परिच्छेद वाचावयास सांगतात. तो जमला तर गोष्ट, न जमला तर शब्द, तेही न जमले तर अक्षरे. मूल ज्या पायरीवर स्थिर उभे राहील, ती त्याची पायरी.

२०२४ च्या पाहणीत कार्यकर्ते ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लक्ष मुलांपर्यंत पोहोचले. दुसरीच्या तोडीची ती गोष्ट तिसरीतील सुमारे २७ टक्के, पाचवीतील सुमारे ४९ टक्के आणि आठवीतील सुमारे ७१ टक्के मुलांना वाचता आली. म्हणजे खेड्यांत पाचवीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांहून अधिक मुलांच्या हाती आपण परीक्षेच्या दिवशी जी प्रश्नपत्रिका देतो, ती त्यांना वाचतादेखील येत नाही. हे वाक्य लिहिताना हात थरथरतो. पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

या पाहणीलाही मर्यादा आहेत. ती ग्रामीण भागापुरती आहे, मुख्यतः मोठ्याने वाचणे तपासते, आणि तिचे छत दुसरीच्या गोष्टीपाशीच संपते. आठवीच्या मुलाने ती गोष्ट वाचली म्हणजे त्याला आठवीचे वाचन येते असे सिद्ध होत नाही. परंतु उलट बाजूची उणीव याहून जिव्हारी लागणारी आहे. इयत्तेवर बेतलेल्या प्रश्नपत्रिकेला छत असते, पण तळ नसतो. पाचवीच्या उताऱ्यापुढे अक्षरओळख नसलेले मूल आणि तिसरीचा धडा घडाघडा वाचणारे मूल ही दोघेही सारखीच नापास होतात. वास्तविक पहिल्याला बाराखडीपासून हात धरून न्यावे लागेल आणि दुसऱ्याला सहा महिन्यांची गोष्टींची पुस्तके पुरतील; पण गुणपत्रिकेवर दोघांपुढे एकच शेरा पडतो. शिवाय चार पर्यायांच्या प्रश्नात एक अक्षर न वाचता केवळ खुणा करणाऱ्या मुलालाही सरासरीने २५ टक्के गुण पडणारच. तेव्हा अशा परीक्षेतील ३५ गुण वाचनाविषयी फारच थोडे सांगतात.

आणखी एक अन्याय आपल्या प्रश्नपत्रिकांच्या भाषेत दडलेला असतो. 'खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही?' अशा दुहेरी नकाराच्या प्रश्नात इतिहास-भूगोलाचे ज्ञान असलेले मूलही फसते. गणिताच्या पत्रिकेत 'एका व्यापाऱ्याने खरेदी केलेल्या एकूण मालापैकी उर्वरित मालाची किंमत' असा शब्दभार चढवला, की ज्या मुलीला आठवडी बाजारात आईच्या शेजारी बसून तोंडी हिशेब चोख येतो, तीही कागदावर हरते. तेथे मोजले गणित जात नाही, वाचनच जाते, आणि त्या मुलीच्या नावापुढे 'गणितात कच्ची' अशी नोंद होते. उतारा कठीण असणे हा काही अपराध नव्हे. पण ज्या विषयाची परीक्षा नाही, त्या विषयाचे ओझे मुलाच्या मानेवर देणे हा मात्र निश्चित अपराध आहे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रश्नपत्रिका सोप्या करा. हा उपाय मला मान्य नाही, आणि गरिबाच्या मुलांच्या हिताच्या नावाने तो सुचवला जातो तेव्हा तर मुळीच नाही. पाचवीच्या मुलाकडून पाचवीचे वाचन अपेक्षिणे हा त्या मुलाचा मान आहे. अपेक्षा उतरवली की त्याच्या वाट्याला येणारे शिक्षणही उतरते. महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणि उत्तीर्णतेची अट पुन्हा आली आहे, त्यामुळे हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. म्हणूनच माझे म्हणणे एवढेच आहे, की मुलाला मापण्यापूर्वी माप स्वतः मापलेले असावे. उतारा परीक्षेत जाण्याआधी कोकण, विदर्भ, मराठवाडा, खानदेश, शहर, पाडा, अशा निरनिराळ्या ठिकाणच्या त्याच इयत्तेतील मुलांनी तो वाचून पाहिलेला असावा आणि ती कोठे अडखळली याची नोंद प्रश्नपत्रिका रचणाऱ्यांच्या समोर असावी. सूचनांची भाषा त्या इयत्तेच्या एक-दोन पायऱ्या खालची असावी. मराठी मुलांच्या वाचनातील शब्दांची, जोडाक्षरांची, वाक्यरचनांची मोजदाद मराठीतच करून आपले स्वतःचे माप घडवावे. परक्या भाषेचे उसने गज त्यासाठी कामाचे नाहीत.

आणि या साऱ्याच्या आधी, प्रत्येक मुलाचे वाचन कोणीतरी कानांनी ऐकावे. १८६२ चा तो तपासनीस एकेका मुलाला जवळ बोलावून त्याच्याकडून वाचून घेत होता, यात काहीच चूक नव्हती. चूक होती ती त्या वाचनाला टांगलेल्या २ शिलिंग ८ पेन्सांत. ते पेन्स काढून टाकले, दंड, क्रमवारी, शिक्षकाची झाडाझडती हे सारे बाजूला ठेवले, म्हणजे मागे उरते ते शिक्षणातील सर्वांत जुने आणि निर्मळ साधन: एक मूल वाचते आहे आणि एक जाणते माणूस ऐकते आहे. एका मुलाला दोन मिनिटे पुरतात. तीस मुलांच्या वर्गाला एक तास. जून महिन्यात एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि वर्षाच्या अखेरीस एकदा, असे वर्षातले तीन तास प्रत्येक वर्गाने या कामासाठी राखून ठेवले, तर प्रमाणित परीक्षेचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी शिक्षकाला कळेल, की हजेरीपटावर पाचवीत बसलेले हे मूल खरोखर 'एवढे' वाचते. आणि मग ते 'एवढे' दुसऱ्या दिवशीच्या तासाला कोठून पुढे न्यायचे, हेही त्याला कोणा परिपत्रकाची वाट न पाहता ठरवता येईल.